आशपोतु डॉक्टर

परवा जुळे सोलापुरात आमच्या चौकात हुरड्याची पहिली गाडी लागली. गाडीवाला मंद्रूपकडचा. "गूळभेंडी हाय ताई, खाऊन तर बघा की," म्हणत त्यानं चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. कोवळे, हिरवे, अजून गरम. मी ते तोंडात टाकले आणि मला ऑइलपेंटचा वास आला. आजूबाजूला कुठं रंगकाम चाललेलं नव्हतं. माझ्या नाकानंच केव्हातरी या दोन वासांची गाठ मारून ठेवली आहे. थंडी पडली, ज्वारीच्या कणसात दूध भरलं, की एक भिंत, एक दाढीवाला डॉक्टर आणि माझी आई असे तिघं माझ्यापुढे येऊन उभे राहतात. गाडीवाला पाव किलो की अर्धा विचारत होता. मी काहीतरी भलतंच उत्तर दिलं असणार, कारण घरी येऊन बघते तर पिशवीत शेंगांची चटणी तेवढी होती आणि हुरडा नव्हताच.

माझं माहेर भवानी पेठेत. घर एवढंसं, पण उंबऱ्यासमोर ही भलीमोठी भिंत. शिवप्पाकाकांच्या गोदामाची. काका चादरी-टॉवेलांचे व्यापारी. घरात कानडी, दुकानात मराठी आणि माझ्या वडिलांशी मोडकीतोडकी तेलुगू, असं त्यांचं सगळं आयुष्य चाललेलं. आमची गल्लीच तशी आहे. आम्ही तेलुगू विणकरांच्या घरातले, काका कानडी, गल्लीच्या तोंडाशी दखनी बोलणारी घरं, आणि भांडायला सगळ्यांची मिळून मराठी. त्या भिंतीवर लहानपणी आम्ही चेंडू आपटले. पुढे दर निवडणुकीत ती कुणाच्या ना कुणाच्या चिन्हानं भरून जायची. मग एका थंडीत काकांनी ती चुना मारून पांढरी करून घेतली आणि सांगितलं, इथं आपल्या डॉक्टरांचं चित्र येणार.

"कुठले डॉक्टर ओ काका?" माझ्या धाकट्या भावानं, नागेशनं विचारलं.

"एस्पेरांतोवाले," काका म्हणाले. जणू डॉक्टरांचा दवाखाना पार्क चौकात होता आणि नागेशनं तो पाहिला नाही ही नागेशची चूक.

काकांचं हे वेड जुनं. तरुणपणी त्यांनी टपालानं धडे मागवून ती भाषा शिकून घेतली होती. डॉक्टरांची गोष्ट ते इतक्यांदा सांगायचे की गल्लीतल्या शेळ्यांनाही ती पाठ झाली असेल. पोलंडकडच्या एका गावात डॉक्टर वाढले. गावात चार भाषा बोलणारी माणसं, आणि प्रत्येकाला उरलेल्या तिघांचा संशय. त्या पोराला वाटायचं, यांना एकमेकांचं कळलं तर हे भांडणार नाहीत. मोठेपणी ते डोळ्यांचे डॉक्टर झाले, आणि दवाखाना सांभाळून त्यांनी एक नवीच भाषा रचली. कुणा एकाची नाही, म्हणून सगळ्यांची. ती छापताना स्वतःचं नाव न घालता त्यांनी टोपणनाव घातलं, डॉक्टर एस्पेरांतो. म्हणजे आशा धरून असलेला. लोकांनी पुढे त्या भाषेलाच ते नाव देऊन टाकलं.

एकमेकांचं कळलं की भांडणं मिटतात, यावर माझा काही विश्वास नाही. आमच्या गल्लीतली सगळ्यात मोठी भांडणं एकमेकांचं अगदी नीट कळल्यामुळेच झालेली आहेत. पण काकांपुढे हे बोलायची सोय नव्हती. ते आयुष्यात एस्पेरांतो बोलणाऱ्या एकाही माणसाला भेटले नव्हते. एकदा सिद्धेश्वराच्या देवळात एक गोरा पाहुणा दिसला, तेव्हा काका धावत गेले आणि "सालूतोन" म्हणाले. म्हणजे नमस्कार. पाहुण्याला वाटलं, हे काहीतरी विकताहेत. त्यानं हात जोडले आणि नको म्हणाला.

मला मात्र त्या थंडीत डॉक्टरांशी काही देणंघेणं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास अम्माला अर्धांगाचा झटका आला होता. अम्मा म्हणजे माझी आई. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. औषधपाण्यानं तोंड सरळ झालं, जीभही सुटली. पण सुटली ती तेलुगूत. मराठी पुसून गेली होती. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, लहानपणीची भाषा राहते आणि मागाहून शिकलेली जाते. त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मीही सहज मान हलवली. रिक्षात बसल्यावर मला त्याचा अर्थ लागला.

अम्मा मूळची करीमनगरकडची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठीचा म ठाऊक नव्हता. शेजारणींबरोबर विड्या वळता वळता ती मराठी शिकली. मला शाळेत घातलं तेव्हा बाईंनी सांगितलं की घरी मराठी बोला, नाहीतर मुलगी मागं पडेल. अम्मानं ते इतकं मनावर घेतलं की आमच्याशी तेलुगूत बोलणंच सोडलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, बोटं विडी वळताहेत आणि तोंडानं माझी कविता पाठ करून घेणं चाललंय, हे माझ्या लहानपणाचं चित्र. तिची मराठी ठेचकाळणारी होती, 'ती आला' आणि 'तो आली' करणारी, पण हट्टी होती. मी पुढे मराठीचीच शिक्षिका झाले ते त्या हट्टापायी. घरात तेलुगू उरली ती जेवणापुरती आणि रागवण्यापुरती. आमच्यापासून काही लपवायचं असलं की अम्मा आणि वडील तेलुगूत बोलायचे. मला ती भाषा कायम बंद दाराआडून ऐकू आली.

आता तीच भाषा बोलत अम्मा आमच्यापुढे बसली होती. नीळ्ळु म्हणजे पाणी, हे आम्हाला कळायचं. अन्नम म्हणजे भात, हेही. पण माणूस काय नुसतं पाणी आणि भात मागायला बोलतो? वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून शेजारच्या तेलुगू बायकांना मध्ये बसवून पाहिलं. आईशी बोलायला दुभाषी लागावी, याची तिलाही लाज वाटायची आणि आम्हालाही. एकदा ती मला बराच वेळ काहीतरी सांगत होती. डोळे भरून आले होते तिचे. मी आपली मान डोलावत बसले. ती मध्येच थांबली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिला समजलं की मला काही म्हणजे काही कळत नाहीये. त्या दिवसापासून ती आमच्याशी बोलेनाशी झाली. शेजारणींना एखादा शब्द द्यायची. मी किंवा नागेश गेलो की गप्प. शाळेत मुलांना समानार्थी शब्द शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. आई समोर बसलेली असताना तिची आठवण येणं फार वाईट असतं, आणि मला ती येत होती.

अशात भिंतीचं काम सुरू झालं. परांची बांधली गेली. महबूबभाई पेंटर, ज्यांनी आमच्या पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ते डॉक्टरांच्या फोटोवर चौकोन पाडून भिंतीवर मोठे चौकोन पाडायला लागले. आधी चष्मा उगवला, मग दाढी, मग टक्कल. मागं एक हिरवा तारा, तो त्या भाषेचा. काकांच्या शेतातून कणसं यायची. गोदामाशेजारच्या रिकाम्या जागेत खड्डा करून काका गोवऱ्यांची आगटी पेटवायचे, आणि भाजल्या हुरड्याचा वास रंगाच्या वासात मिसळून आमच्या घरात यायचा. सकाळचं ऊन आमच्या दारापुढे तेवढंच पडतं, म्हणून अम्माची खुर्ची तिथं. ती दिवसभर त्या चढत्या दाढीकडे बघत बसायची. डावा हात मांडीवर, आणि त्याची बोटं मधूनच विडी वळल्यासारखी हलायची.

चष्मेवाला डॉक्टर भिंतीवर आल्यामुळे गल्लीत भलताच घोळ झाला. खेड्यातून बाजाराला आलेली एक म्हातारी परांचीखाली येऊन उभी राहिली. "हितं डोळं तपासत्यात व्हय?"

"नै अम्मा," महबूबभाई वरून म्हातारीला म्हणाले, "ये डॉक्टर अब नै देखते."

काकांनी तिला बसवलं, हातावर हुरडा ठेवला आणि पोलंडपासून सगळी गोष्ट सांगितली. म्हातारीनं हुरडा संपेस्तोवर ती मन लावून ऐकली. मग म्हणाली, "ते सगळं खरं. पर मोतीबिंदू कुटं काढत्यात?"

चित्र पुरं झालं तेव्हा काकांच्या मनात आलं की डॉक्टरांच्या नावाचा अर्थ खाली पेठेतल्या चारी भाषांत लिहावा. मराठी ओळ माझ्याकडे आली, 'आशा धरून असलेला डॉक्टर'. कानडी काकांनी स्वतः दिली. उर्दूत 'उम्मीदवार' लिहू का, असं महबूबभाईंनी विचारलं तेव्हा काका घाबरले. भिंत निवडणुकीतून नुकती कुठं सुटली होती. मग 'उम्मीदवाले डॉक्टर' यावर तडजोड झाली. राहिली तेलुगू. शेजारच्या बायकांना विचारावं असं मी म्हणाले, तर नागेशला राग आला.

"आपली मातृभाषा हाय की. लोकांना कशाला इचारायचं?" तो म्हणाला. "आशपोतु. लिव्हा, आशपोतु डॉक्टर."

"नक्की का?"

"आशा म्हंजे आशा. पोतु म्हंजे असंल काहीतरी. पर शब्द बरोबर हाय, अम्मा लहानपणी मलाच म्हणायची की."

ते खरं होतं, मलाही आठवलं. सणाला अम्मा गारेलु तळायची, म्हणजे उडदाचे वडे. नागेश चुलीपाशी बसून कढईवरची नजर काढायचा नाही. अम्मा हसून म्हणायची, "आशपोतु," आणि एक वडा त्याच्या हातावर ठेवायची. आशेनं बसणारा, त्याला मिळतंच, असा अर्थ आम्ही दोघांनी आपापल्या परीनं लावून टाकला होता आणि चाळीसेक वर्षं तो बिनतक्रार चालला होता. नागेशनं मोबाइलवर बोलून अक्षरं काढली. महबूबभाईंनी ती गोल गोल अक्षरं जशीच्या तशी पिवळ्या रंगात उतरवली. दिवेलागणीपर्यंत ओळ पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आणि नागेशनं अम्माला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं, अंगावर सोलापुरी चादर घातली. तिनं भिंतीकडे पाहिलं. ती तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. ओठ हलले, एक एक अक्षर लावत गेले. आणि एकदम तिचे खांदे हलायला लागले. मान मागं गेली, घशातून कसलातरी आवाज यायला लागला. दुसरा झटका आला असंच मला वाटलं. नागेश रिक्षा आणायला पळाला. मी तिचे हात धरले, तर तिनं डाव्या हातानं मला बाजूला सारलं. माझ्यामुळे तिला भिंत दिसत नव्हती.

अम्मा हसत होती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलेला नागेश तो आवाज ऐकून परत फिरला.

"एवडु रासिंडु इदि?" ती म्हणाली. कुणी लिहिलं हे. एवढं मला कळलं, रागवण्यातली तेलुगू होती ती. मी नागेशकडे बोट केलं. मग तर तिला हसू आवरेना. "आशपोतु," ती नागेशला म्हणाली, आणि मागाहून एक लांबलचक काहीतरी, धबाधबा, इतक्या दिवसांचं साठलेलं.

काका रस्ता ओलांडून आले. त्यांनी ऐकलं, कपाळावर हात मारला आणि तेही हसायला लागले. "अहो, आशपोतु म्हंजे हावरट की ओ. अधाशी. आमच्यात आसेबुरुक म्हणत्यात." मग अम्माचं ऐकून म्हणाले, "म्हणतीय, हावरटपणानं डॉक्टर होता आलं असतं, तर आमचा नागेश लई मोठा डॉक्टर झाला असता."

नागेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हंजे ती मला लाडानं म्हणत न्हवती?"

"लाडानंच की," काका म्हणाले. "हावरटाला लाडानंच हावरट म्हणत्यात."

तोवर महबूबभाई डबा-ब्रश घेऊन हजर झाले. त्यांच्यावर कुणी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "अपने को क्या, जो दिए सो लिख दिए." ओळ पुसायची तर तिथं लिहायचं काय, हा प्रश्न आला. तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. एक म्हणाली 'आशा' एवढंच ठेवा, दुसरी म्हणाली त्यात पुन्हा हाव येतेच. काकांनी आपल्या मोडक्या तेलुगूत अम्मालाच विचारलं. अम्मा हसायची थांबली. तिनं डॉक्टरांच्या चष्म्याकडे बराच वेळ पाहिलं.

"एदुरु चूसे डॉक्टर," ती म्हणाली.

"वाट बघणारे डॉक्टर," काकांनी सांगितलं.

एदुरु म्हणजे समोर, चूसे म्हणजे बघणारा. वाट बघणं हे तेलुगूत समोर बघणं असतं. आपणही मराठीत नुसतं थांबत नाही, वाट 'बघतो'. डोळ्यांच्या डॉक्टराला याहून बरं नाव मला सुचलं नसतं. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की हा शब्द सुचायला अम्माला फार लांब जावं लागलं नव्हतं. ती गेले कित्येक दिवस या खुर्चीत बसून तेच करत होती. मी तिथंच, सगळ्या बायकांसमोर रडले. अम्मानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि महबूबभाईंकडे वळून कामाला लागा अशी खूण केली.

ती ओळ तिनं स्वतः लिहून घेतली. तेलुगू अक्षराच्या डोक्यावर एक छोटी फरकाटी असते, तिला तलकट्टु म्हणतात. महबूबभाईंची ती एका ठिकाणी सुटली, तेव्हा अम्मा स्वतःच्या डोक्यावर थापा मारून "तलकट्टु, तलकट्टु" म्हणत राहिली. महबूबभाईंनी आधी टोपी चाचपून पाहिली. मग समजलं. मी जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या सुटलेल्या शिरोरेषा लाल शाईनं पुऱ्या केल्या आहेत. त्या दिवशी मला माझ्या आईतली मास्तरीण पहिल्यांदा दिसली.

त्यानंतर ती बोलायला लागली. आम्हाला कळायला लागलं असं मात्र नाही, तो फरक आहे. पण ती बोलते आणि आम्ही विचारतो. शाळा सुटली की मी स्कूटर तशीच भवानी पेठेकडे वळवते. रोज नवा शब्द, रोज नवी फजिती. तेलुगूत कळ्ळु म्हणजे डोळे आणि कल्लु म्हणजे ताडी. ळ आणि ल वरून मुलांचे मार्क कापणारी मी, अम्माला एकदा 'तुझी ताडी दुखते का' असं काळजीनं विचारून बसले. ही गोष्ट तिनं सगळ्या गल्लीला सांगितली. नागेशची प्रगती माझ्याहून बरी आहे, कारण त्याला चुकायची लाज वाटत नाही. काका रोज सकाळी गोदाम उघडताना तिला "सालूतोन" म्हणतात, आणि अम्मा डावा हात कपाळाला लावून "सालूतोन" म्हणते. काकांना अखेर उत्तर देणारं माणूस मिळालं.

मराठी काही परत आली नाही. याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. ज्या भाषेत तिनं मला वाढवलं, त्या भाषेत मी तिला आता एकही गोष्ट सांगू शकत नाही. वर्गात एखादी कविता छान रंगते, मुलं गप्प होऊन ऐकतात, तेव्हा वाटतं की हे अम्माला सांगावं. मग शब्द जुळवायला बसते, तर हाताशी पाणी, भात, ऊन आणि डोळे एवढंच असतं. तेवढ्यात कविता कशी बसवणार? तरी सांगते. 'मुलं चांगली, पाट चांगली' असं काहीतरी. पाट म्हणजे गाणं. ती गंभीरपणे मान हलवते, मी तिच्यापुढे हलवायचे तशी नव्हे, खरीखुरी.

यंदा भिंतीचा रंग उडाला आहे. सोलापूरचं ऊन डॉक्टरांनाही सोडत नाही. हिरवा तारा पोपटी झाला, दाढीच्या टोकावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली आहे. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा होऊन गेली की हात मारतो, असं महबूबभाई म्हणाले आहेत. अजूनही कुणीतरी मोतीबिंदूचं विचारत येतं. आता अम्माच त्यांना बसवून घेते आणि तेलुगूत काय काय सांगते. ती माणसं ऐकतात आणि समाधानानं जातात, याचं मला नवल वाटतं.

काल दुपारी मी दारात बसून तिच्या केसांना तेल लावत होते. ती तिच्या गावची कसलीतरी गोष्ट सांगत होती. एक विहीर होती, तिची आई होती, कुणीतरी रुसून गेलं होतं. मध्येच ती हसली, आणि का हसली ते माझ्या हातातून निसटलं. अलीकडे हे माझ्या फार मनात येतं की मी पन्नाशीला आले, तिचं वय झालं, हॉस्पिटलातले डॉक्टर पुन्हा झटका येऊ शकतो म्हणतात, आणि भाषा शिकायला वर्षं लागतात. या गोष्टी माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच संपून जातील. माझा हात तिच्या केसांत थांबला. जे एक वाक्य मला बिनचूक बोलता येतं, तेच मी बोलले. "अम्मा, नाकु तेलुगु रादु."

मला तेलुगू येत नाही. तेलुगूतही भाषा येते किंवा येत नाही, अगदी मराठीसारखी, कुणी माणूस दारात यावं तशी.

अम्मानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"वस्तदि, बिड्डा," ती म्हणाली. येईल, बाळा. आणि तिनं ती विहिरीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, जरा सावकाश, सांगायला घेतली.